कोणीही हात लावायचा नाही

आमच्या घरात ज्या वस्तूला ज्याचा हात लागतो, ती वस्तू थोडी त्याची होते. हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण तो मोडलेला कोणी पाहिलेला नाही. फ्रिज आला तेव्हा पायऱ्यांवरून चढवताना शेजारच्या गृहस्थांनी एक कोपरा धरला होता. तेव्हापासून ते रोज दुपारी येतात, न विचारता फ्रिज उघडतात, गार पाणी पितात आणि आत काय संपत आलंय ते आईला सांगून जातात. आम्ही त्यांना फ्रिजवाले म्हणतो. कोणाची काही तक्रार नाही. कोपरा त्यांनी धरला होता. पुढच्या खोलीतला पडदा आत्याने टांगला, त्यामुळे ती खिडकी किती उघडायची हे आत्या तिच्या घरून फोनवर ठरवते.

अशा घरात आजोबांनी एक जुनी गाडी आणली. निळी, दोन दारांची, गोल नाकाची आणि स्वभावाने थकलेली. ती जितकी चालली त्याहून जास्त ढकलली गेली. काकांनी तिला स्वतःच्या परीक्षेपर्यंत ढकलत नेलं होतं आणि पेपरात तेवढाच वेळ कमी पडला असं ते अजून सांगतात. आत्याने ढकललं, फ्रिजवाल्यांनी ढकललं, पोस्टमनने दोनदा ढकललं. आईने लग्नाच्या दिवशी फक्त दार ढकललं होतं, कारण ते लागत नव्हतं. म्हणून तिचा अर्धा हिस्सा धरतात. बाबांचाही हिस्सा आहे, पण बाबा जहाजावर असतात आणि त्यांचं मत घरी पोहोचेपर्यंत शिळं होतं.

माझा हिस्सा शून्य. मी जन्मले तोवर आजोबांनी इंजिन दुरुस्तीसाठी काढून ठेवलं होतं. ते अजून जिन्याखाली आहे, त्यावर आई फुलदाणी ठेवते. इंजिन नसलेल्या गाडीला ढकलायची वेळ कोणावर येत नाही. मी आणि आजोबा मात्र रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये त्या गाडीत बसून फिरायला जायचो. स्टिअरिंग माझ्या हातात. आजोबा शेजारी बसून म्हणायचे, "हळू, पुढे घाट आहे," किंवा "डावीकडे बघ, समुद्र." वळायच्या आधी खिडकीतून हात काढून वळण दाखवल्याशिवाय ते मला वळू द्यायचे नाहीत. मागून कोणी येत नव्हतं, मागे गॅरेजचं बंद दार होतं, तरीसुद्धा. अशा रीतीने मी लहानपणीच पाच-सहा देश पाहिले.

पण हक्क लागतो तो कामाला हात लागल्याने, बसून खेळल्याने नाही. तसं असतं तर ती गाडी अर्ध्याहून अधिक आमच्या मांजरीची झाली असती.

आजोबा गेल्यावर गाडीचं काय करायचं यावर घरात एकमत होईना. आत्याला ती लाल हवी होती, काकांना ती विकायची होती, फ्रिजवाल्यांना ती दिवाणखान्यात आणून ठेवावी असं वाटत होतं. शेवटी सगळे दमले आणि दमलेली माणसं करतात तसं एकमत झालं: भंगारात द्यायची. रिकाम्या गॅरेजात काका टेबल टेनिसचं टेबल लावणार होते. कोणाशी खेळणार, असं विचारल्यावर म्हणाले, "भिंतीशी. भिंत वाद घालत नाही."

मी म्हटलं, "मला द्या. मी ती चालवून दाखवते."

"तुझा हात कुठे लागलाय तिला?" काका म्हणाले.

काका निवृत्त पंच आहेत. कुठल्या खेळाचे ते आम्हाला नीट माहीत नाही, पण शिट्टी अजून गळ्यात असते. आमच्या घरात त्यांचा निकाल शेवटचा. त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि निकाल दिला. मेकॅनिकने सांगितलं होतं की बॉडी उचलून खालची चासी, म्हणजे चाकांवरचा लोखंडी सांगाडा, बघितल्याशिवाय या गाडीत काही जीव उरलाय का ते देवालाही सांगता येणार नाही. तर मी ती बॉडी चासीवरून उचलून वेगळी करायची. एकटीने. एकाही माणसाचा हात न लागता. जमलं तर गाडी संपूर्ण माझी, बाकी सगळ्यांचे हिस्से रद्द. नाही जमलं, किंवा कोणाचं एक बोट जरी लागलं, तर रविवारी संध्याकाळी भंगारवाला ट्रक घेऊन येणारच होता.

"आणि कोणीही हात लावायचा नाही," काकांनी सगळ्यांकडे पाहत म्हटलं. हे आमच्या घरात सांगणं म्हणजे माशांना पोहू नका सांगण्यासारखं होतं.

आठवडाभर मी गाडीखाली राहिले. वरची बॉडी आणि खालची चासी बोल्टांनी जोडलेली असतात. बोल्ट काढले की त्यांचा एकमेकींशी संबंध फक्त सवयीचा उरतो. पण बोल्टांखेरीज दोघींना बांधून ठेवणाऱ्या बाकीच्या गोष्टीही असतात: वायरी, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगची दांडी, हँडब्रेकची तार. ते सगळं सोडवलं. म्हणजे आता गाडीला कुठलाच ब्रेक नव्हता. हे महत्त्वाचं होतं, कारण आमच्या गॅरेजच्या जमिनीपासूनच थेट फाटकापर्यंत उतार आहे. तो आजोबांनीच मुद्दाम करून घेतला होता, गाडी सकाळी तरी कोणाच्या धक्क्याशिवाय घराबाहेर पडावी म्हणून. म्हणून मी मागच्या दोन्ही चाकांखाली एकेक वीट लावून ठेवली आणि स्वतःचं कौतुक केलं. मग दारं काढून त्या मोकळ्या जागेत आडव्या फळ्या ठोकल्या, नाहीतर उचलताना बॉडी पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी मधूनच वाकते.

बेत सोपा होता. बॉडीच्या खालून दोन लाकडी तुळया आडव्या घालायच्या, एक पुढे, एक मागे. रंगारी चढून उभे राहतात तसल्या चार लोखंडी घोड्या मी आणल्या होत्या. त्या चार कोपऱ्यांना, चाकांच्या बाहेरच्या बाजूने. जॅकने एकेक कोपरा थोडा उचलायचा, घोडीवर वीट सरकवायची, पुढच्या कोपऱ्याकडे जायचं. पुरेशी उंची झाली की बॉडी वर तुळयांवर बसून राहील आणि खालून चासी चाकांसकट मागच्या बाजूने ओढून काढता येईल.

रविवारी सकाळी सगळे बघायला आले. काकांनी गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकली. आत्या स्वतःच्या हातावर विश्वास नसल्यामुळे दोन्ही हातांत लोकर आणि सुया घेऊन आली. फ्रिजवाले हात पाठीमागे बांधून उभे राहिले. आई चहा करून आली आणि कप माझ्या हातात द्यायच्या ऐवजी जमिनीवर ठेवून मागे सरकली.

"आई, चहा देता येतो."

"नको बाई," आई म्हणाली. "उद्या कोणी म्हणायचं, चहाच्या जोरावर उचलली."

काकांनी शिट्टी वाजवली.

पुढचे दोन कोपरे लोण्यासारखे उचलले गेले. मागचा उजवाही आला. मागच्या डाव्या कोपऱ्याला जॅक लावला तर बॉडीबरोबर चासीही वर यायला लागली, आणि तिच्याबरोबर चाकही. काहीतरी अजून धरून होतं. मी खाली सरपटले, बॅटरी मारली, सगळी भोकं रिकामी होती. वर आले, परत खाली गेले. तासभर माझं तेच चाललं होतं.

वर सल्ले सुरू झाले. काकांच्या मते गंज, फ्रिजवाल्यांच्या मते नशीब.

"सल्ला म्हणजे हात लावणंच की," आई म्हणाली.

काकांनी विचार केला. "सल्ला धरत नाही. सल्ला धरला तर निम्मं गाव आत्याच्या नावावर होईल."

आत्या एवढा वेळ गप्प होती. आत्या गप्प म्हणजे एकतर ती आजारी आहे किंवा तिला काहीतरी माहीत आहे. तिची विणण्याची गती वाढत चालली होती.

"आत्या, बरं वाटत नाहीये का?" मी गाडीखालून विचारलं.

"मागच्या सीटखाली बघ," आत्या लोकरीकडे बघत म्हणाली. "कोपऱ्यात. एक गोळा असेल."

"कसला गोळा?"

"च्युइंगमचा."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"मी आठ वर्षांची होते," आत्या म्हणाली. "तुझे आजोबा खायला देत नसत. ते आले की मी तिथे चिकटवायचे, ते गेले की परत खायचे. मग एकदा त्यांनी गाडी रंगवून घेतली आणि त्याच्यावरही रंग मारला गेला. मी काही बोलले नाही."

"इतकी वर्षं," काका म्हणाले.

"तू घाटात गाडी ढकलताना नुसता मागे चालायचास आणि कण्हायचास, ते मी सांगितलं का कोणाला?"

काकांनी शिट्टी तोंडात घातली, पण वाजवली नाही.

सीटखाली निळ्या रंगाचा एक दगड होता. मी तो छिन्नीने फोडला. आत बोल्टचं डोकं होतं, इतकं स्वच्छ, इतकं चकचकीत, की जगातल्या सगळ्या गाड्यांना च्युइंगम लावावं असं वाटलं. पाना लावला आणि बोल्ट असा फिरला की जणू वाटच बघत होता.

आता बॉडी चारही बाजूंनी मोकळी होती. मी एकेक वीट चढवत गेले. उंचीचा हिशोब मी आधीच करून ठेवला होता, विटा मोजून आणल्या होत्या. पण एक गोष्ट माझ्या हिशोबात नव्हती. वरचं ओझं कमी झालं की खालच्या स्प्रिंगा सैल होतात. मी बॉडी जितकी वर नेत होते, तितकी चासीही हळूहळू तिच्या मागोमाग वर येत होती, फाटकापर्यंत सोडायला येणाऱ्या पाहुण्यासारखी. पुढे कसंबसं सुटलं. मागे चासीला चाकांच्या वर कमान असते. ती कमान तुळईला खालून घट्ट टेकून राहिली. एकेक वीट अजून हवी होती, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. आणि विटा संपल्या होत्या.

कुंपणापलीकडे फ्रिजवाल्यांकडे विटांचा ढीग आहे. ते त्या ढिगाकडे बघत नव्हते. इतकं जोर लावून बघत नव्हते, की मान दुखली असणार.

तेवढ्यात भंगारवाल्याचा ट्रक आला. त्याने तो बाहेर गल्लीत, बरोबर उताराच्या खाली, मागची बाजू फाटकाकडे करून लावला. मोठ्या पोटाचा, शांत माणूस. फाटक सताड उघडून तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसला. आईने त्याला चहा दिला. त्याला हातात देता येत होता.

"घाई नाही," तो म्हणाला. "लोखंड कुठे पळून जातंय."

संध्याकाळ व्हायला आली होती. दोन विटांसाठी गाडी जाणार होती. मी गॅरेजभर नजर फिरवली आणि मला दोन विटा दिसल्या. इतक्या समोर होत्या की मला हसू आलं. मी त्या चाकांखालून काढून घेतल्या.

त्या क्षणी काहीच झालं नाही, हे मी सांगितलं पाहिजे. कमान तुळईला टेकलेली होती, तुळईने चासीला धरून ठेवलं होतं. मी डावीकडे जॅक लावला, उचललं, वीट सरकवली. उजवीकडे जॅक लावला, उचललं, वीट सरकवली, जॅक हळूच खाली केला. बॉडी तुळयांवर बसली. कमान आणि तुळई यांच्यात बोटभर उजेड दिसला.

"सुटली," मी म्हटलं.

खरोखरच सुटली होती. चासी बॉडीच्या खालून मागच्या बाजूने, अजिबात गडबड न करता, बाहेर निघाली.

मी ओरडले नाही. ओरडून काय सांगणार, सगळे बघतच होते. चार चाकांवरचा तो उघडा सांगाडा गॅरेजच्या उंबऱ्यावरून उतरला आणि काकांच्या खुर्चीशी आला. काकांचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले. मग त्यांनी ते हवेतच थांबवले, माझ्याकडे पाहिलं, हात काखेत दाबून धरले आणि खुर्चीसकट बाजूला झाले. आत्याच्या अगदी गुडघ्याजवळून ती गेली. आत्याने लोकर डोक्यावर उचलून धरली. फ्रिजवाले हात पाठीमागे तसेच बांधून तिच्या शेजारून चार पावलं चालले, तोंडाने "अगं, अगं," म्हणत, रुसून निघालेल्या माणसाला म्हणतात तसं. आईच्या हाताला तर ती जवळजवळ लागत होती. आईने हात वर केला, बसमध्ये दांडी धरतात तसा, आणि तो वरच ठेवला.

आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळ्यांसमोरून एक वस्तू गेली आणि कोणीही तिला हात लावला नाही.

चासी फाटकातून बाहेर पडली आणि ट्रककडे निघाली. भंगारवाल्याने चहाचा घोट घेतला, कप बाजूला ठेवला, खाली उतरला, पाय रोवले आणि दोन्ही हात पुढे केले. चासी त्याच्या पोटापर्यंत आली आणि थांबली.

सगळे त्याच्या हातांकडे बघत होते.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"हात लावलात," काका म्हणाले.

"मग काय, चिरडून घ्यायचं होतं?"

काका खुर्चीवरून उठले, उतार उतरून त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याला आमच्या घराचा नियम समजावून सांगितला. फ्रिजवाल्यांनी स्वतःला पुरावा म्हणून पुढे केलं. भंगारवाला ऐकत होता, हात अजून चासीवरच होते. सोडले असते तर ती पायावर आली असती.

"म्हणजे ही आता माझी?"

"थोडी," काका म्हणाले. "आता प्रश्न असा, की पोरीची अट मोडली का." त्यांनी फाटकातून वर गॅरेजकडे पाहिलं. बॉडी तुळयांवर निवांत बसली होती. खाली मोकळी जमीन दिसत होती, तेलाचे डाग आणि एक जुनी चप्पल. काकांनी शिट्टी वाजवली.

"बॉडी चासीवरून वेगळी झाली तेव्हा कोणाचा हात लागलेला नव्हता. पोरीने उचलली. चासी स्वतःहून गेली. यांचा हात नंतर लागला, तोही फक्त चासीला. बॉडी पूर्ण पोरीची. चासीत हे भागीदार."

"म्हणजे मी नेऊ का नको?" भंगारवाला म्हणाला.

"ते तुम्हीच ठरवायचं. तुमची पण आहे."

त्याने खिशातून एक पाना काढला, मी पळत जाऊन चाकांखाली दगड लावले, आणि तो चासीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेला. टण, टण, टण. माझा जीव त्या प्रत्येक टणमध्ये होता. एका ठिकाणी, अगदी मागे, आवाज बसका आला. त्याने तिथे पाना खुपसला, तो आरपार गेला.

"हा आडवा तुकडा गेला," तो म्हणाला. "बाकी वरवरचा गंज आहे."

"म्हणजे चालेल?" मी विचारलं.

"तुकडा बदलला तर चालेल. माझ्याकडे असा पडलाय एक." तो थांबला. त्याने चासीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी तो भाव पाहिला जो पाण्याची बाटली उचलताना फ्रिजवाल्यांच्या चेहऱ्यावर असतो. "आणि हे बघा, अशी उघड्यावर ठेवायची नाही. दव पडतं. कोणी काही टाकलंय का हिच्यावर? नाही ना. एवढी माणसं घरात, कोणाला काळजी म्हणून नाही."

"आम्हाला हात लावायचा नव्हता," आत्या म्हणाली.

"आणि माझं टेबल?" काका म्हणाले.

"कसलं टेबल? गॅरेजमध्ये गाडी असते," भंगारवाला म्हणाला. पाच मिनिटांचा भागीदार होता तो.

आता चासी वर न्यायची होती. मी मागून खांदा लावला, पाय रोवले, ढकललं. ती हलली नाही. परत ढकललं. उतार आजोबांनी बाहेर पडायला केला होता, परत यायचं त्यांच्या मनात नसावं. मी वर पाहिलं. सगळे फाटकात ओळीने उभे होते. काकांचे हात अजून काखेत, आईचा हात अजून वर.

मी जर गप्प राहिले असते, तर रोज वीतभर अशी ढकलत मी ती एकटीच कधीतरी वर नेली असती, आणि फक्त एकाच माणसाशी भागीदारी राहिली असती. हा विचार माझ्या मनात आला. फार वेळ थांबला नाही.

"लावा हात," मी म्हटलं.

"हक्क लागेल," काका म्हणाले. "नव्याने. सगळ्यांचा. मग तक्रार चालणार नाही."

"लागू दे. चासी सगळ्यांची. बॉडी माझी. एकीशिवाय दुसरी कुठे जात नाही, म्हणजे तुम्हाला दर रविवारी यावं लागेल. आणि रंग मी ठरवणार."

"लाल," आत्या म्हणाली.

"निळा."

"बघू," आत्या म्हणाली आणि सुया अंबाड्यात खोचून पुढे आली.

काकांनी पुढचं डावं चाक धरलं. फ्रिजवाल्यांनी बांधलेले हात सोडले, झटकले आणि एक कोपरा धरला. कोपऱ्यांचा त्यांना अनुभव होता. आईने वरचा हात खाली आणला आणि दोन्ही तळवे लोखंडावर टेकवले. "आता माझा अर्धा नाही," ती म्हणाली, "पूर्ण धरा." भंगारवाला सगळ्यांत मागे, पोट लावून. चासी हलली आणि गॅरेजच्या दिशेने चढायला लागली.

"काका, कण्हू नका, ढकला," मी म्हटलं.

"मी ढकलतोय."

"हा फक्त कण्हतोय," आत्या म्हणाली.

"अहो, बॉडीच्या शेजारी लावायची म्हणजे वळायचंय ना पुढे?" भंगारवाल्याने मागून विचारलं. "कुठल्या बाजूला, ते तरी सांगा. मला इथून कोणाच्या तरी पाठीशिवाय काही दिसत नाही."

मी चासीच्या पुढे गेले, सगळ्यांकडे पाठ करून चालू लागले, आणि उजवा हात पूर्ण लांब करून बाहेर काढला, वळायच्या बराच आधी, आजोबांनी शिकवलं होतं तसा. या वेळी मागून खरंच कोणीतरी येत होतं.